बेचाळीस

“आजोबा, तुमचं बेचाळीस गेलं!”

२०२० सालच्या डिसेंबरातली १९ तारीख, शनिवारची सकाळ. अण्णा खिडकीच्या गजाला आरसा टेकवून दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच. नातवाने मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांवर आटोपला होता. नऊ गडी बाद, आणि हाताला चेंडू लागल्यामुळे शमी मैदान सोडून गेलेला. अण्णांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग म्हणाले, “याही वेळेला शेवटचा गडी नाहीच,” आणि उरलेला गाल खरवडायला लागले.

मुलाला काही कळलं नाही. त्याला सांगावं लागलं, की १९७४ साली लॉर्ड्सवर ४२ झाले तेव्हाही चंद्रशेखर जखमी होता, बॅट घेऊन उतरलाच नव्हता. म्हणजे दोन्ही वेळेला नऊच गडी बाद झाले. ४६ वर्षं तो आमचा नीचांक होता. ‘आमचा’ म्हणजे भारताचा. पण आमच्या घराचाही.

आमच्या घरात बेचाळीस हा नुसता आकडा नव्हता. दही लागलं नाही, की बेचाळीस. रॉकेलच्या रांगेत तासभर उभं राहून रिकामा डबा घेऊन परतलं, की बेचाळीस. ताईला बघायला आलेली मंडळी “कळवतो” म्हणून जिना उतरली, की आई कांदेपोह्यांच्या बश्या गोळा करता करता एवढंच म्हणायची, “बेचाळीस.” मी मुलाखती देत हिंडायचो त्या दिवसांत संध्याकाळी दारातच ती विचारायची, “किती?” हो किंवा नाही असं मला कधी सांगावं लागलं नाही. शेजारपाजारच्यांना वाटायचं, मायलेक कसला तरी हिशेब करताहेत.

*

लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी आमची खोली. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. साचेवाल्याचे कान लवकर जातात. आठ तास शेकडो धोटे समोर आपटत असले, की घरी आल्यावरही माणूस वरच्या पट्टीतच बोलतो. त्यामुळे आमचा ट्रान्झिस्टर नेहमी जास्त मोठ्याने लागायचा आणि त्याचा फायदा अख्ख्या मजल्याला व्हायचा. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना क्रिकेटचं इंग्रजी येत होतं, ही वेगळी भाषा. कॉट, बोल्ड, एलबीडब्ल्यू, मेडन एवढ्या भांडवलावर ते पाच दिवसांचा सामना ऐकायचे. बाकीचं ते आवाजावरून ओळखायचे. समालोचकाचा आवाज चढला आणि लगेच पडला, तर झेल सुटला. चढून वरच राहिला, तर गेला. मुंबईत सामना असला आणि बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं, की मात्र ते हातातलं काम टाकून जेवायला बसल्यासारखे बसायचे, मांडी घालून.

२४ जून १९७४, सोमवार. अण्णांची पहिली पाळी होती. साडेतीनचा भोंगा झाला, ते घरी आले, पाय धुतले, आईने चहा टाकला. लॉर्ड्सवर खेळ साडेअकराला सुरू व्हायचा, म्हणजे आपले चार. शनिवारी भारताच्या बिनबाद २ धावा झाल्या होत्या, रविवारी सुट्टी. इंग्लंडने ६२९ केल्यावर आपण पहिल्या डावात ३०२ केले होते आणि फॉलोऑन आला होता. हरणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण हरायला दीड-दोन दिवस लागतील, असा चाळीचा अंदाज होता. समोरच्या खोलीतले मास्तर पावसाची छत्री गॅलरीत उघडी ठेवून आमच्याकडे येऊन बसले. त्यांचं काम भाषांतराचं.

मी नऊ वर्षांचा होतो. मला त्या दुपारचं क्रिकेट आठवत नाही, चहा आठवतो. अण्णांनी बशीत चहा ओतला तेव्हा इंजिनिअर बाद झाला. बशी ओठांपर्यंत गेली आणि वाडेकर बाद झाले. मग ती बशी खाली आली, तशीच राहिली आणि तिच्यावर साय धरली. खरखर, मधेच लांब जाणारा आवाज, आणि दर काही मिनिटांनी मास्तरांचं एक नाव. गेला. हाही गेला. मास्तर शेवटी नावंसुद्धा घेईनासे झाले, नुसतं बोट वर करायचे. सतरा षटकांत खेळ खलास. ५, ०, ३, ५, १, मग सोलकर नाबाद १८, मग ३, २, ५, ०. सोलकर सोडला तर पाचाच्या पुढे कुणी गेलं नाही. अवांतर एकही नाही. म्हणजे ज्या इंग्लंडने आपल्याला दीडशे वर्षं राबवलं, त्याने त्या दिवशी एक वाइड चेंडूसुद्धा फुकट दिला नाही. हा शेरा मास्तरांचा. ते इतिहास शिकवायचे.

“टेलिफोन नंबर लागल्यासारखा स्कोअर आहे,” असंही ते म्हणाले. ४६ वर्षांनी माझ्या मुलाच्या मोबाइलवर तोच विनोद नव्या कपड्यांत आला. ॲडलेडचा धावफलक सलग मांडून, विसरण्यासाठीचा ओटीपी म्हणून. ४९२०४०८४०४१. काळाप्रमाणे नंबराचा उपयोग तेवढा बदलला.

*

त्या संध्याकाळी अण्णांनी जे केलं, त्याच्यासाठी तीन वर्षं मागे जायला हवं.

आमच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता. वर्तमानपत्रातला, १९७१च्या विजयी संघाचा. मागे उभे, पुढे खुर्च्यांवर बसलेले, सगळे ब्लेझरमधले. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला त्यांच्या घरी हरवलं. कोवळ्या गावसकरने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. मग २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन त्यांचा डाव १०१वर गुंडाळला होता. तो दिवस गणेश चतुर्थीचा. लंडनमधल्या आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून हत्तीण आणून मैदानात फिरवली होती, बेला तिचं नाव. लालबागमध्ये चतुर्थीच्या दिवशी अशी बातमी आली, म्हणजे काय झालं असेल ते लालबाग माहीत असलेल्याला सांगायला नको. माझ्या आजीने तर विजयाचं सगळं श्रेय थेट हत्तिणीला दिलं. वाडेकर सकाळीच धावबाद होऊन आत येऊन झोपले होते आणि जिंकल्याचं सांगायला त्यांना उठवावं लागलं, ही हकिकत अण्णांची सर्वांत आवडती. “कप्तान असावा तर असा, झोप येणारा,” असं ते म्हणत. रातपाळीच्या माणसाला झोपेची किंमत जास्त.

संघ मायदेशी आला तेव्हा विमानतळापासून मिरवणूक निघाली. अण्णांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मला दिसल्या त्या फक्त माणसांच्या टाळक्यांच्या रांगा आणि एका उघड्या गाडीतून हलणारा कुणाचा तरी हात. तो हात वाडेकरांचा होता, असं आमच्याकडे ठरलं. फोटो आला त्या दिवशी आईने मैद्याची खळ शिजवली आणि अण्णांनी कपड्याला खळ चढवावी तशा सफाईने तो दाराला बसवला. एक बुडबुडा राहू दिला नाही.

आणि २४ जून १९७४च्या संध्याकाळी, मास्तर छत्री मिटून गेल्यावर, अण्णा उठले. कपाट उघडलं आणि तो फोटो फाडला.

तो नीट निघेना. खळ पक्की होती. वरचा भाग हातात आला, मधला सालपटांसारखा सुटला. मग त्यांनी नखांनी खरवडलं, चमच्याच्या टोकाने खरवडलं. साचेवाल्याची बोटं, तुटलेला धागा अंदाजाने शोधून पुन्हा गाठ मारणारी बोटं. ती त्या दिवशी असं काम करत होती. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही. खालच्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक तुकडा काही केल्या निघाला नाही. त्यात फक्त बुटांची एक जोडी होती. चकचकीत काळे बूट आणि वर पँटची दोन बोटं पट्टी. अण्णांनी कपाट लावलं आणि ते खाली उतरून गेले. दोन दिवस घरात बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईची भाकरी थापता थापता मोडली. ती भाकरीत हात बसलेली बाई. दुसरी थापली, तीही तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी करपली. तिने उलथनं खाली ठेवलं आणि स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, “आज आमचेही बेचाळीस.” अण्णा पेपरामागे होते. पेपर आधी थरथरला. मग आतून ते हसले, अगदी खोकला येईस्तोवर. तुकडे दुधात कुस्करून आम्ही सगळे जेवलो. त्या शब्दाचा घरातला जन्म असा झाला, आईच्या हातून.

*

पुढे वाडेकरांच्या घरावर दगड पडल्याची बातमी आली. मालिका ३-०ने गेली होती. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या शहरातच ते दगड उचलले गेले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि ते खेळातून निवृत्त झाले. ३७ कसोटी सामने, २११३ धावा. स्टेट बँकेतली नोकरी होती, ती ते करत राहिले.

चाळीत यावर दोन तट होते. एक म्हणे, बरं झालं. दुसरा म्हणे, हे फार झालं. अण्णा कुठल्याच तटात बोलायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, त्यांना राग आला असेल. आता वाटतं, कपाटाचं दार त्यांना आठवत असणार. दगड मारायला लागतो तोच हात फोटो खरवडायला लागतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच दौऱ्यातली आणखी एक गोष्ट मला दगडांपेक्षा जास्त टोचते. सुधीर नाईक नावाचा मुंबईचा सरळ सलामीवीर. लंडनच्या एका दुकानातून मोज्यांच्या जोड्या उचलल्याचा आळ त्याच्यावर आला. गुन्हा कबूल करून टाक, गाजावाजा होणार नाही, असा सल्ला त्याला मिळाला; त्याने तो ऐकला आणि गाजावाजा तेवढा झाला. पुढच्याच कसोटीत, पहिल्याच सामन्यात, त्याने ७७ धावा केल्या. विचारलं तर मोजे सगळ्यांच्या लक्षात, ७७ कुणाच्याच नाहीत. हाच माणूस पुढे वानखेडेची खेळपट्टी सांभाळायचा. २०११चा विश्वचषक ज्या बावीस यार्डांच्या पट्टीवर जिंकला, ती त्याच्या देखरेखीखाली तयार झाली होती. २०२३ साली तो गेला, तेव्हाच्या बातम्यांतही मोजे होते. बातमीला माणसाचा पाय सापडला, की ती मोजा काही सोडत नाही.

आमच्या घरी पेपर यायचा तो मास्तरांकडून, दुपारी, त्यांचा वाचून झाल्यावर. म्हणजे बातमी आमच्याकडे उंबऱ्याशी चपला काढून यायची, जरा थकून, जरा शिळी होऊन. आता ती चपलांसकट अंथरुणात येते. दोन्हींपैकी कुठली बरी, यावर मी भाषण देणार नाही. फाडलेला फोटो शिळ्या पेपरातलाच होता.

*

उरलेल्या बुटांचा मात्र घरात वाद होता. बूट कुणाचे?

फोटो डोळ्यांसमोर आणायचा तर दहाजण दहा तऱ्हेने आणणार. ताई म्हणायची, गावसकरचे. तिला दुसरं नाव सुचतच नसे. मास्तरांना बेदीचे वाटत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. अण्णांचा निकाल पक्का होता. “सोलकरचे. बघा, अजून उभे आहेत. नाबाद अठरा.”

एकनाथ सोलकर अण्णांचा विशेष लाडका. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेला. बॅटच्या पुढ्यात, हात लांब केला तर फलंदाजाला लागेल इतक्या जवळ, हेल्मेटशिवाय उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. मला ओव्हलचा त्याचा तो ॲलन नॉटचा झेल फोटोंतूनच माहीत आहे. अख्खा आडवा, जमिनीपासून वीतभर वर. अण्णा म्हणायचे, “साच्याच्या इतक्या जवळ उभं राहणारा माणूस. धोटा कधी उडून डोळ्यात बसेल सांगता येत नाही.” आमच्या गिरणगावाचं क्रिकेटशी नातं तसं दुरूनच. मफतलालसारख्या गिरण्यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये खेळत, पण साचेखात्यातल्या माणसाचा खेळ कबड्डी. अण्णा तरुणपणी चढाईला चांगले होते, असं ऐकलंय. गुडघा गेला आणि ते ऐकणाऱ्यांत येऊन बसले.

१९७५च्या जानेवारीत वानखेडेवर पहिलाच कसोटी सामना झाला, वेस्ट इंडिजशी. लॉइडने नाबाद २४२ केले. तो सामना लोकांना लॉइडसाठी आठवतो, नाहीतर तिथल्या दंगलीसाठी. अण्णांना आठवायचा तो सोलकरच्या १०२साठी. कसोटीतलं त्याचं ते एकुलतं एक शतक. लॉर्ड्सच्या त्या सोमवारनंतर सात महिन्यांनी. त्या रात्री अण्णांनी कपाट उघडून बुटांकडे पाहिलेलं मी पाहिलं. म्हणाले काहीच नाहीत. आतला शर्ट काढून घेतला आणि दार लावलं, जणू शर्टासाठीच उघडलं होतं.

*

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. भोंगे थांबले आणि लालबाग-परळला घड्याळं लागायला लागली. संप कधी मिटला याची तारीख कुणाला सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही. आधी गावाहून तांदूळ आला, मग आईच्या बांगड्या गेल्या, मग ती खाली एका खानावळीच्या पोळ्या लाटायला जाऊ लागली. अण्णा त्रेचाळीस वर्षांचे होते. ज्या हाताला चोवीस तासांत कुठलीही पाळी चालायची, तो हात गॅलरीच्या कठड्यावर.

या वेळी कुणी दगड मारले नाहीत. गिरणी कामगाराच्या घरावर दगड मारायला कुणाला काय पडलं होतं! पण गॅलरीत उभं राहिलं, की येणारा-जाणारा विचारायचा, “काय, सध्या काय चाललंय?” चांगल्या मनाने विचारायचे लोक. अण्णांनी हळूहळू गॅलरीत उभं राहणं सोडलं. संध्याकाळी ते खोलीत, दिवा न लावता, ट्रान्झिस्टर पोटावर ठेवून पडून असायचे. त्या काळात आमच्या घरात बेचाळीस हा शब्द जवळजवळ दीड वर्ष कुणी उच्चारला नाही. ठरवून नव्हे. दही लागलं नाही तर आई म्हणायची, “लागलं नाही आज.” पहिल्यांदाच तो शब्द खरा झाला होता, म्हणून असेल.

मग २५ जून १९८३ उजाडला. चोवीसला बेचाळीसची नऊ वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉर्ड्स. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी टीव्ही होता. त्या खोलीत माणसं दाराच्या चौकटीवरसुद्धा होती. आपले १८३ झाले. अण्णा म्हणाले, पुरणार नाहीत, आणि उठून वर आले. मी त्यांच्यामागे आलो नाही. मी अठराचा होतो, मला काय पडली होती. कपिलने रिचर्ड्सचा झेल मागे पळत जाऊन घेतला तेव्हा खालून जो आवाज उठला, त्यावरून त्यांना वर कळलं असणार. चढला आणि वरच राहिला.

शेवटचा गडी पडल्यावर मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर आलो. खोलीत दिवा लागला होता. “कितीने?” अण्णांनी विचारलं.

“त्रेचाळीस.”

ते जरा थांबले. मग आईकडे बघून म्हणाले, “एक जास्त.” आई हसली. दीड वर्षाने ते दोघं एकाच गोष्टीला हसताना मी पाहिलं. बाहेर फटाके वाजत होते, फटाके घ्यायला पैसे कुणाकडे होते देव जाणे.

*

ॲडलेडच्या त्या ३६च्या दिवसांत अण्णा आमच्याकडे डोंबिवलीला होते. करोनामुळे सगळे घरात. टीव्हीवर चौकोना-चौकोनांत माणसं बसवून भांडण चालू होतं. कोहली मालिका अर्धी सोडून घरी निघाला होता, बायकोचं पहिलं बाळंतपण होतं. त्याने जावं की राहावं, यावर ज्यांचा त्या बाळंतपणाशी काही संबंध नाही असे लोक हातवारे करत होते. कुणी म्हणे देश आधी. मुलाच्या, रोहनच्या, जन्माच्या वेळी गावसकर न्यूझीलंडमध्ये होते, त्याचा दाखला निघाला. अण्णा बराच वेळ ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, “तू झालास तेव्हा मी रातपाळीला होतो. सकाळी आलो तर कुणी दार उघडेना. सगळी हॉस्पिटलात.” आणि थोड्या वेळाने, “जाऊ दे की त्याला. साचे काय बंद पडतायत?”

दुसरीकडे सिराज. ऑस्ट्रेलियात विलगीकरणात असताना हैदराबादला त्याचे वडील गेले. रिक्षा चालवून मुलाला वाढवणारा बाप. तो परतला नाही, तिथेच राहिला, आणि ब्रिस्बेनला पाच बळी घेतले. एक घरी गेला, एक गेला नाही. अण्णांना दोघांचंही बरोबर वाटलं. चौकोनातल्या माणसांना असं काही वाटून चालत नसतं, त्यांचा पगार एकाच बाजूचा असतो.

आणि आमचा रहाणे. आमचा, कारण डोंबिवलीचा. ३६मध्ये त्याचा वाटा शून्य होता. आठवड्याभरात मेलबर्नला कप्तान म्हणून उतरला आणि ११२ केले. १९ जानेवारीला ब्रिस्बेन जिंकलं, मालिका २-१. ॲडलेडला बरोबर एक महिना झाला होता. मुंबईत त्याच्या इमारतीत ढोल वाजले, फुलं उधळली. कुणीतरी केक आणला होता, वर कांगारू. रहाणेने तो कापायला नकार दिला. तो ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्राणी आहे, असं त्याने नंतर सांगितलं. त्या बातमीचं कात्रण नव्हतं, आता कात्रणं नसतात. मुलाने ती अण्णांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली. “सुरी हातात दिली होती का त्याच्या?” त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, माहीत नाही. “दिली असेल,” अण्णा म्हणाले. “गर्दीत देतात.”

*

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. एक गोष्ट सांगायची राहिली, ती २०१८ची.

त्या वर्षी १५ ऑगस्टला अजित वाडेकर गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठा फोटो होता. मी ऑफिसला निघालो तेव्हा अण्णा कपाट उघडून उभे होते. चाळ सोडताना आम्ही बाकीचं बहुतेक विकलं, कपाट मात्र बरोबर आणलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला फिकट चौकोन, त्यावर नखांचे आणि चमच्याचे ओरखडे, आणि खाली मध्यावर ते बूट. चव्वेचाळीस वर्षांत कागद लाकडाच्या रंगाचा झाला होता, पण बूट अजून काळे दिसत.

“सोलकरचे ना?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“वाडेकरांचे,” ते म्हणाले. “कप्तान मधे बसतो.”

मी थांबलो. त्यांना हे कधीपासून माहीत होतं, हे विचारायची छाती झाली नाही. खळ लावून फोटो बसवणारा माणूस तो. कोण कुठे बसलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“मैदा आहे का घरात?” त्यांनी विचारलं.

बायकोने वाटीभर मैदा शिजवून दिला. ती खळ संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात तशीच होती, वर साय धरलेली. मी आलो तेव्हा अण्णांनी पेपरातला फोटो कापून, दोन घड्या घालून, गिरणीच्या पासाच्या पाकिटात ठेवला होता. चिकटवला नाही.

कपाट आता माझ्या खोलीत आहे. मुलगा म्हणतो, सँडपेपर मारून रंग देऊ या. बाहेरून दिला. आतला चौकोन तसाच आहे, आणि बूटही.